अकरा मतांचा मेहुणा

सगळा तालुका पालथा घाला, सात वेळा निवडणुकीला उभा राहिलेला, सातही वेळा आडवा झालेला, आणि दर वेळी पडल्याच्या दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून दारोदार फिरणारा माणूस तुम्हाला दुसरा सापडायचा नाही. तो माझ्या नशिबी मेहुणा म्हणून आला. माझ्या बायकोच्या पाठचा भाऊ. आमची सोयरीक गावातल्या गावातच झालेली, त्यामुळं सासुरवाडी माझ्या घरापासून चार घरं पलीकडं. लोकांचा मेहुणा दिवाळीला येतो, भाऊबीजेचं ताट झालं की जातो. माझा रोज यायचा. सकाळी शेळ्या घेऊन निघाला की माझ्या दारात थांबायचा आणि "दाजी, तुमचं चुकतंय," एवढंच म्हणून पुढं जायचा. काय चुकतंय ते संध्याकाळी परतताना सांगायचा. मधला सगळा दिवस मी माझं काय चुकलं ते शोधत बसायचो, आणि खरं सांगतो, रोज एखादं तरी सापडायचंच.

त्याच्या विरोधाची सुरुवात माझ्याच लग्नात झाली, आणि तीही माझ्याच कानापासून. आमच्याकडं लग्न लागलं की नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. नवरदेवाकडची माणसं त्याला टोपी घालतात, खांद्यावर टॉवेल टाकतात, भाऊ हसतो आणि कान सोडतो. पाच मिनिटांचं काम. हा तेव्हा असेल आठ-नऊ वर्षांचा. त्यानं कान धरला, टोपी घालून घेतली, टॉवेल घेतला, आणि कान काही सोडेना. वर मला विचारलं, "अक्काला आडावर पाण्याला धाडणार का?" सगळा मांडव हसला. मी म्हटलं, "न्हाय धाडणार." लग्नात नवरदेव काय वाटेल ते कबूल करतो. "आईची शपथ घ्या," म्हणाला. घेतली. तेव्हा कुठं कान सुटला. पुढं कितीतरी वर्षं ती आडावर जातच राहिली. ती रिकामी घागर घेऊन निघाली आणि मी चावडीवर बसलेला दिसलो, की हा चार माणसांत मोठ्यानं विचारायचा, "दाजी, कान बरा हाय का?"

सगळे ज्या बाजूला जातात त्या बाजूला जायचं नाही, हा त्याचा जन्माचा नेम. एकदा श्रावणात आम्ही येडशीच्या रामलिंगाला गेलो होतो. तिथल्या वानरांनी माझ्या बायकोच्या हातातला नारळ हिसकून नेला. सगळे लोक वानरांना हाकलायला धावले, दगडं हातात घेतली. हा एकटा मध्ये हात पसरून उभा. म्हणाला, "जंगल त्यांचं हाय. देऊळ मागून आलं, आणि तुमी तर आज सकाळच्या गाडीनं आलाव." वानरानंही बहुतेक ते ऐकलं असावं, कारण त्यानं पुढं याचीच टोपी नेली. बायको इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. टोपीसाठी मात्र तो वानराला एक शब्द बोलला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

त्याच्या शेळ्यांचंही तसंच. आपल्या भागातली काळीभोर, लांब कानांची शेळी, दूध बरं, करडं जुळी. इतर लोक त्यांना काळी, भुरी, चांदी म्हणतात. यानं नावं ठेवली सभापती, चेअरमन, उपसरपंच. का, तर म्हणाला, "नाव मोठं दिलं की चारताना नजर ऱ्हाती." सोसायटीचे चेअरमन म्हणजे आमच्या गावचं मोठं प्रस्थ. गावाचं पॅनल त्यांच्या हातात, पंचायत त्यांच्या पॅनलच्या हातात. ते एकदा रस्त्यानं चालले होते आणि हा बांधावरून ओरडत होता, "चेअरमन, भायेर ये त्या सोयाबीनातनं, किती खाशील?" चेअरमन जागच्या जागी थांबले. ते पंधरा दिवस माझ्याशीही बोलले नाहीत. मी काय केलं होतं? पण मेहुण्याचं पाप दाजीच्या खाती, ही आपली रीतच आहे.

ग्रामसभेत सगळे सरपंचाकडं तोंड करून बसतात. हा आपलं खताचं पोतं घरून घेऊन यायचा आणि सरपंचाच्या मागं, भिंतीला टेकून बसायचा. म्हणायचा, सरपंचाला जे दिसतं ते मला बी दिसलं पायजे. सभा सुरू झाली की पहिलं वाक्य ठरलेलं, "मागच्या सभेत काय ठरलं ते वाचा." ग्रामसेवक बदलले, चार-पाच तरी बदलले असतील, पण प्रत्येक नवा ग्रामसेवक गावात आला की जुना त्याला दोन गोष्टी सांगून जायचा म्हणे, दफ्तराच्या कपाटाची किल्ली कुठली आणि हा माणूस कोणता. मागचं वाचलं की दिसायचं, ठरलं होतं ते झालंच नाही. मग आम्ही बाकीचे ओरडायचो, "बस खाली, किती वेळ घेतो." त्या ओरडणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा. मी पॅनलचा माणूस होतो. चेअरमनच्या डाव्या हाताला बसायची माझी जागा ठरलेली. मला वाटायचं, मेहुण्याला आपणच गप्प केलं म्हणजे लोक आपल्याला त्याच्यात धरणार नाहीत.

त्याला विरोधी पक्षाचा माणूस म्हणावं तर तेही नाही. एकदा गावात दुसरं पॅनल झालं होतं. हा त्यांच्यासाठी महिनाभर राबला, भिंती रंगवल्या, शेळ्या बायकोवर सोडल्या. स्वतःच्या वॉर्डात मात्र तो त्यांच्यातर्फेही पडलाच, पण बाकी ते पॅनल निवडून आलं. गुलाल उधळला. दुसऱ्या दिवशी कानातला गुलालही धुतला नव्हता, तेवढ्यात हा उठून सरपंचाच्या मागं पोतं टाकून बसला. नवा सरपंच म्हणाला, "आवं, तुमी तर आपले." हा म्हणाला, "निवडून येईपर्यंत. आता तुमाला माणसं लई मिळतील. मागच्या सभेत काय ठरलं ते वाचा."

त्यानंतर तो एकटाच उभा राहायला लागला, आमच्या वॉर्डातून, अपक्ष. मतं पडायची अकरा. एकदा नऊ पडली होती, पण पुढं ओळीनं दोन निवडणुका अकराच. गावात त्याचं नावच पडलं, अकरावाले. त्याला वाईट वाटायचं नाही. त्याला ती अकरा माणसं तोंडपाठ होती असं तो म्हणायचा. एक तो स्वतः, एक त्याची बायको, एक सून. पोरगा नाही, पोरगा पॅनलमध्ये. एक शिंपी, ज्याला देवळातल्या बैठकीला कुणी बोलवत नाही. एक आमचे बहिरे तात्या, ज्यांना नीट दिसत नाही म्हणून ते मशीनवरचं सगळ्यात वरचं बटन दाबतात, आणि याचं नाव वर यायचं. अशी गोळाबेरीज. माझ्या घरातलं एकही मत त्यात नाही याची मला खात्री होती. मतदानाच्या सकाळी मी बायकोला सांगायचो, अमुक चिन्ह, तमुक बटन. ती म्हणायची, "बरं." पन्नास वर्षांत ती मला कशालाच नाही म्हणाली नाही.

आणि पडल्याच्या दुसऱ्या दिवशी ते त्याचं फिरणं. सगळ्या घरांना. ज्यांनी मत दिलं त्यांना, नाही दिलं त्यांनाही. दारात उभं राहून विचारायचा, "काय अडचण हाय?" लोक हसायचे. म्हणायचे, आरं बाबा, तू पडलास. तो म्हणायचा, "म्हणूनच आलो. निवडून आलेले आज झोपल्यात." सांगितलेली अडचण तो कागदावर लिहून घ्यायचा आणि पुढच्या ग्रामसभेत पोत्यावर बसून वाचायचा. आम्ही ओरडायचो, बस खाली.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्याहून एका मोठ्या विरोधी पक्षाची माणसं आली होती. पांढरे कपडे, गाडी, हातात छापील कागद. मोठ्या निवडणुकीत पडले होते, आता म्हणे गावोगाव जाऊन विचारायचं ठरलं होतं की लोकांना विरोधी पक्षाकडून काय पाहिजे, आम्ही कशासाठी उभं राहावं. माझी ओसरी मोठी म्हणून तिथंच सगळे बसले. लोकांनी सांगितलं. सोयाबीनला भाव पाहिजे. एक जण म्हणाला, दिवसा लाईट पाहिजे, पाणी द्यायला अंधारात शेतात जावं लागतं. एक पोरगी म्हणाली, कॉलेजच्या वेळेला एस.टी. पाहिजे. ते भराभर लिहून घेत होते, सगळ्याला हो म्हणत होते. मेहुणा भिंतीशी बसला होता. त्यांच्यातला तरुण पुढारी अदबीनं म्हणाला, "मामा, तुम्ही काही बोलला नाहीत."

"बोलतो की. तुमचा मागच्या खेपेचा उमेदवार पडला, तो कुठाय?"

पुढारी जरा खाली बघायला लागला. "ते आता तिकडं गेले."

"तिकडं, म्हंजी निवडून आले त्यांच्यात?"

"हो."

"मंग आमी दिलेली मतं बी तिकडंच गेली का? आमाला कुणी विचारलं न्हाय." मग आवाज न चढवता म्हणाला, "भाव, लाईट, एस.टी., हे समदं लिवा. पण त्याच्या आदी वर एक लिवा. पडल्यावर बसून ऱ्हायचं. पडला की लगेच उठून जिंकल्यालाच्या पंगतीला जायचं न्हाय. जेवढी मतं पडली तेवढ्या मानसांसाठी तिथंच बसायचं, अकरा असली तरी."

तेवढ्यात आतून बायकोनं चहाचा ट्रे दिला, आणि दाराच्या आडून बोलली. ती बाहेरच्या माणसांत कधी बोलायची नाही. म्हणाली, "कोन बी या, पण या तरी." पुढाऱ्याला ते ऐकू गेलं का माहीत नाही. त्यानं चहा घेतला, सगळ्यांबरोबर फोटो काढला आणि गाडी गेली. मी आत जाऊन तिला म्हटलं, "तू कशाला मधी बोललीस?" ती म्हणाली, "बरं." मला वाटलं, चुकलं असं म्हणते आहे.

आता आमच्याकडची ती बिनविरोधची रीत सांगितली पाहिजे. निवडणूक लागली की मारुतीच्या देवळात बैठक बसते. भांडण नको, खर्च नको, गावात दोन तट नकोत म्हणून नावं तिथंच ठरतात. नारळ फोडतात, आणि ठरलेल्यांशिवाय दुसऱ्या कुणी अर्ज भरायचा नाही. वरून आमदारही शब्द देतात, बिनविरोध करा, तुम्हाला सभामंडप देतो. रीत वाईट नाही. मी स्वतः कितीदा त्या नारळाला हात लावला आहे. पण दर वेळी आमच्या वॉर्डातून एक अर्ज यायचा, आणि एका अर्जापायी मशीन आणावी लागायची, शाळेच्या खोलीत पोलीस बसवावा लागायचा. बिनविरोध एकदाच जमली. त्या वर्षी मेहुणा शेळ्यांना लिंबाचा पाला काढताना झाडावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. गावानं म्हटलं, मारुतीची कृपा. पुढच्या खेपेला तो काठी टेकत जाऊन अर्ज भरून आला. त्याच साली आमच्या आळीला नळ आला. नळ आला त्या दिवशी मी चेअरमनच्या गळ्यात हार घातला.

गेल्या आषाढात बायको गेली. तीन दिवसांचा ताप, चौथ्या दिवशी संपलं. त्याच्यावर मी जास्त बोलत नाही. बोलून काय होतं? मेहुणा तेरा दिवस माझ्या ओसरीवर बसून होता आणि तेरा दिवसांत एकदाही म्हणाला नाही की दाजी, तुमचं चुकतंय. चौदाव्या दिवशी शेळ्या घेऊन दारावरून गेला तो खाली मान घालून. मी वाट बघितली, संध्याकाळीही काही बोलला नाही. ग्रामसभेला आला, पण पोतं आणलं नाही. सगळ्यांबरोबर सरपंचाकडं तोंड करून बसला. ग्रामसेवकानं सवयीनं दोनदा त्याच्याकडं बघितलं आणि मागच्या सभेचं न वाचताच सभा संपवली. अर्ध्या तासात घरी आलो. इतकी बरी सभा कधी झाली नव्हती, आणि मला जेवण गेलं नाही.

पुढं निवडणूक लागली. देवळात बैठक झाली, नारळ फुटला. मेहुण्यानं अर्ज भरलाच होता, पण कसा, तर जत्रेला जावं लागतं म्हणून जावं तसा. चेअरमन मला म्हणाले, "ह्या खेपेला तुमीच बगा. अक्का बी आता न्हाय, तुमचं ऐकंल तो. उद्या तीन वाजेपर्यंत अर्ज मागं निघाला पायजे." मी म्हटलं, "त्याला मी बघतो." आणि संध्याकाळी त्याच्या गोठ्याकडं गेलो.

तो करडांना पाला टाकत होता. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "काढतो दाजी. कागुद बी आनून ठिवलाय, नुसती सही ऱ्हायली." खिशातून घडी घातलेला कागद काढून दाखवला. मला हलकं वाटायला पाहिजे होतं. मी विचारलं, "का रं?"

"आता दहाच पडतील. दहा मतांवर उभं ऱ्हायचं म्हंजी इज्जत न्हाय."

"दहा कशी? अकरा तुझी ठरल्याली. कोन मेलं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "तुमाला खरंच म्हाईत न्हवतं?"

मला कळलं तेव्हा पहिला आला तो राग. मी त्या गव्हाणीवरच बसलो. सांगतो मी बटन कुठलं, आणि ही दाबते दुसरंच, आणि घरी येऊन मलाच चहा देते. मी म्हटलं, "चोरून भावाला मत देत व्हती. मला बरं म्हनायची."

"भावाला न्हाय दिलं तिनं," तो म्हणाला. "भाऊ म्हनून दिलं असतं तर पाय मोडला तवा माझ्यासाठी रडली असती. दवाखान्यात आली आन् मला काय म्हनली म्हाईताय? म्हनली, पाय बरा व्हईल रं, पन आता पाच वरसं माझ्या दारात कुनी यायचं न्हाय. आन् कुनी आलं का? बगा आठवून. बिनविरोध झाली ती पाच वरसं चेअरमन आमच्या आळीत आलं का?"

मी आठवलं. ते माझ्याकडं यायचे नाहीत, मीच त्यांच्याकडं जायचो. आळीत कुणी आलं नव्हतं.

"मंग पुढच्या खेपेला म्या अर्ज भरला. मशीन आली, तवा त्येंला दारोदार हिंडावं लागलं. तुमी चावडीवर व्हता. चेअरमन हात जोडून तुमच्या उंबऱ्यात आलं आन् अक्का आतनं म्हनली, नळ देताव का माझ्या भावाला मत दिऊ? ते हासलं. पन नळ आला का न्हाय? अक्का मला दर खेपेला सांगायची, तू निवडून ये न्हायतर नको येऊस, पन उबा ऱ्हा. तू उबा असलास तरच मला इचारायला येत्यात." त्यानं कागद परत खिशात घातला. "आता त्या घरातनं मागनारं कोन हाय? कशाला मशीन आनायची?"

चेअरमनच्या गळ्यातला तो हार माझ्या डोळ्यांपुढं आला. मी गोड बोलणारा माणूस नाही. मी हात पुढं केला आणि म्हटलं, "आन तो कागुद हिकडं." त्यानं दिला. चेअरमन नावाची शेळी शेजारीच उभी होती. मी तो कागद तिच्यापुढं धरला. शेळीला काय, तिनं खाल्ला. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमचं चुकतंय." सहा-सात महिन्यांनी ऐकलं. तसंच उठलो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी तीन वाजून गेल्यावर देवळात गेलो. चेअरमन म्हणाले, "निघाला का अर्ज?"

"न्हाय."

"तुमी सांगितलं न्हाय का त्याला?"

"सांगितलं. उबा ऱ्हा म्हनून."

सभामंडप गेला, गावाचं नाव गेलं, एका म्हाताऱ्यापायी गेलं, असं बरंच झालं. एक जण म्हणाला, बायको गेल्यापासून यांचं डोकं ठिकाणावर नाही. तेही खोटं नाही. चेअरमनच्या डाव्या हाताची माझी जागा आता सोसायटीचा सेक्रेटरी वापरतो. मी देवळात जातो, मारुतीला हात जोडतो आणि चपला घालून येतो.

मशीन येणार म्हटल्यावर आठ दिवसांनी चेअरमन आमच्या आळीत आले, उमेदवाराला घेऊन. राग होता, पण माझ्या दारातही आले. हात जोडून म्हणाले, "काय अडचण?" आणि माझी पंचाईत झाली. इतकी वर्षं ते उत्तर आतून यायचं. मला ते देता येईना. मी आत गेलो. मोरीजवळ तिच्या पाच घागरी पालथ्या होत्या. दोन माणसांच्या घराला पाच घागरी कशाला, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. ती गेल्यावर आठ दिवसांनी आळीच्या शेवटच्या घरातली विधवा बाई दारात आली होती, घागर मागायला नाही, घागर भरून मिळेल का ते विचारायला. शेवटच्या दोन घरांना नळ पोचलेलाच नाही. पाइप आमच्या दारातच संपतो. ही रोज त्यांच्या घागरी आपल्या नळावर भरून ठेवायची. आता मी भरतो. बाहेर येऊन मी चेअरमनना म्हटलं, "पाइप फुडं न्या, दोन घरं. न्हायतर माझा मेहुणा हाय उबा." चेअरमन हसले नाहीत. मला वाटतं, त्यांनी हे वाक्य आधी कुठं ऐकलं ते त्यांना आठवलं असावं.

मतदानाच्या दिवशी मी सकाळीच शाळेत गेलो. कुणी मला बटन सांगितलं नव्हतं. निकाल लागला, मेहुणा पडला. गुलाल उधळला, आमच्या दारावरूनही मिरवणूक गेली. मतं पडली अकरा. गावाला त्यात काहीच नवं वाटलं नाही. अकरावाले ते अकरावाले.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. इस्त्रीचा सदरा, खिशात पेन, हातात कागद. आळीच्या वरच्या अंगापासून एकेक दार घेत माझ्यापर्यंत आला. मी दारातल्या नळाखाली शेवटच्या घराची घागर लावून ओसरीवर बसलो होतो. दारात आला की तो अडचण विचारतो, पण त्यानं विचारलं नाही. माझ्या शेजारी बसला. समोर पाइपाच्या चार नळकांड्या येऊन पडल्या होत्या, अजून जोडलेल्या नव्हत्या. त्यांच्याकडं बघत म्हणाला, "दाजी, अकरा पडली."

"ऐकलं."

"दहा पायजे हुती."

"मशीन हाय. चुकत आसंल."

हात वर करून त्यानं माझा कान धरला. पिळला नाही, नुसता धरला, दोन बोटांत, करडाचा धरतात तसा. त्या दिवशी मांडवात धरला होता तेव्हा त्यानं प्रश्न विचारला होता आणि मी खोटी शपथ घेतली होती. या वेळी त्यानं काहीच विचारलं नाही. कान सोडला, गुडघ्यावर हात देऊन उठला आणि खाली शेवटच्या दोन घरांकडं गेला. मी भरलेली घागर काढून नळाखाली दुसरी लावली. थोड्या वेळानं त्या बाईच्या दारातून त्याचा आवाज आला, "काय अडचण हाय?" आणि ती काय सांगते ते नीट ऐकू यावं म्हणून मी नळ बंद केला.